गाठ निघाली, पुढे काय?

श्रोतेहो, मेंदूत गाठ झालेला माणूस दवाखान्यातून घरी आला, की आपण म्हणतो, देव पावला. पण त्यानंतरची वर्षे तो कशी काढतो, हा प्रश्न खुद्द वैद्यकानेही फार उशिरा विचारला. त्याची हकिकत आज सांगायची आहे.

२५ नोव्हेंबर १८८४ रोजी लंडनमध्ये रिकमन गॉडली या शस्त्रवैद्याने एका तरुण शेतकऱ्याच्या मेंदूतील गाठ काढली. तेव्हा एक्स-रेसुद्धा नव्हता. अंगाला येणारे झटके आणि लुळा पडत चाललेला हात, एवढ्यावरून डॉक्टर बेनेट यांनी जागा सांगितली आणि गाठ नेमकी तिथेच सापडली! रोगी मात्र महिनाभरातच दगावला. त्या काळी प्रश्न एकच होता : रोगी जगेल का?

आपल्याकडे परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये उघडले. वेल्लोरला डॉ. जेकब चांडी यांनी १९४९ मध्ये मेंदूच्या शस्त्रक्रियेचा विभाग सुरू केला. १९७१ मध्ये सी. टी. स्कॅनने रोग्याच्या मेंदूचे चित्र दाखवले. माणसे वाचू लागली, मुलेही वाचू लागली आणि मग दुसरा प्रश्न उभा राहिला. वाचलेले मूल शाळेत मागे का पडते?

कारण दुहेरी आहे. गाठ मेंदूला दाबते, आणि गाठीवर सोडलेले किरण शेजारच्या निरोगी भागालाही लागतात. हे नुकसान चटकन दिसत नाही. मूल शिकलेले सगळे विसरते असे नव्हे. नवे शिकण्याचा वेग मंदावतो, आणि बरोबरीची मुले पुढे निघून जातात.

यावर मुंबईतच मोठे काम झाले. टाटा रुग्णालयात डॉ. राकेश जलाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ ते २०१२ या काळात ३ ते २५ वर्षे वयाचे २०० रोगी निवडले. गाठी सावकाश वाढणाऱ्या होत्या. निम्म्यांना नेहमीच्या पद्धतीने, निम्म्यांना गाठीच्या आकाराबरहुकूम नेमके किरण दिले आणि पाच वर्षे बुद्धीच्या चाचण्या घेतल्या. निकाल २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. जगण्याच्या प्रमाणात फारसा फरक नव्हता. पण नेमके किरण मिळालेल्यांची बुद्धी अधिक टिकली. शरीराची वाढ सांभाळणाऱ्या ग्रंथिरसांचा नवा बिघाड नेहमीच्या पद्धतीत ५१ टक्के, तर नव्या पद्धतीत ३१ टक्के आढळला.

आता इथून पुढचे काम दवाखान्याचे नाही, गावाचे आहे. सातपाटीसारख्या बंदरावर तांडेलाला वारा, भरती-ओहोटी, जाळे, खलाशी या साऱ्यांवर एकाच वेळी ध्यान ठेवावे लागते. बऱ्या झालेल्या माणसाला नेमके हेच जड जाते. हात धड दिसतात, म्हणून लोक त्याला आळशी म्हणतात. तसे म्हणू नका. झटके येत असतील, तर डॉक्टरांनी मोकळीक देईपर्यंत त्याला होडीवर पाठवू नका. किनाऱ्यावर जाळी दुरुस्त करण्याचे काम द्या.

आणि गुरुजी, बाई, असे मूल तुमच्या वर्गात असेल, तर त्याला पुढच्या बाकावर बसवा. एका वेळी एकच गोष्ट सांगा, ती फळ्यावर लिहा, उत्तराला जादा वेळ द्या. त्याची उंची खुंटलेली दिसली, तर पालकांना डॉक्टरांकडे धाडा. शाळेत रोज घडणारा बदल प्रथम तुमच्याच नजरेला पडतो. रोगी जगेल का, याचे उत्तर वैद्यांनी पुष्कळसे दिले आहे. तो कसा जगेल, याचे उत्तर बरेचसे आपल्या हाती आहे.