मांजरांमधील वारंवार होणारा मूत्राशयविकार

या विकारात मांजर पुन्हापुन्हा लघवीला बसते, थेंबथेंब किंवा रक्तमिश्रित लघवी करते, कधी भलत्याच जागी करते. दहा वर्षांखालील मांजरांत निम्म्याहून अधिक वेळा जंतू वा खडा सापडत नाही. अशा वेळी असलेला, ताणाशी निगडित मूत्राशयाचा दाह बहुधा ५ ते ७ दिवसांत आपोआप ओसरतो. त्यामुळे दिलेले कोणतेही औषध गुणकारी भासते आणि प्रतिजैविके उगाचच दिली जातात. मूत्रतपासणी, एक्स-रे, सोनोग्राफी आधी करणेच शहाणपणाचे. स्ट्रुव्हाइट खडे विशिष्ट आहाराने विरघळतात, कॅल्शियम ऑक्झलेटचे काढावेच लागतात. ओले अन्न, भरपूर पाणी आणि मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त लिटर बॉक्स यांनी पुनरावृत्ती घटते.

बोक्याची लघवी तुंबली तर मात्र थांबू नये. रक्तातील पोटॅशियम वाढून एक-दोन दिवसांत तो दगावू शकतो. उदाहरणार्थ, बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातून थेट परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय गाठण्यापेक्षा जवळच्या पशुवैद्याकडून आधी मूत्रमार्ग मोकळा करून घ्यावा. वारंवार तुंबल्यास मूत्रमार्गाचे तोंड रुंद करण्याची शस्त्रक्रिया करतात. तिने अडथळ्याचा धोका कमी होतो, दाह थांबत नाही. जंतुसंसर्गाची शक्यता उलट वाढते.