टपाल हशील आणि लोकांच्या युक्त्या

आज खिशातील यंत्रावरून क्षणात निरोप जातो. त्यामुळे पत्राचे हशील ही गरिबाला परवडू नये अशी बाब होती, हे नव्या पिढीस खरे वाटणार नाही. ते जसे भारी होते, तशा ते चुकविण्याच्या युक्त्याही विलक्षण होत्या.

इंग्लंडमध्ये 1840 पूर्वी हशील अंतरावर आणि पत्रातील कागदांच्या संख्येवर ठरे. पाकीट वापरले तर तोही एक कागद धरला जाई! म्हणून लोक एकाच कागदावर आधी आडवे व मग त्यावरच उभे लिहीत. पैसे बहुधा घेणाऱ्याने द्यावयाचे असत, आणि सारी गोम तेथेच होती. कवी कोलरिज यांची कथा प्रसिद्ध आहे. एक स्त्री शिलिंगभर हशील देण्यास नाखूष दिसली, म्हणून त्यांनी दयाळूपणे ते भरले. पोस्टमन गेल्यावर तिने पत्र उघडून दाखविले, तो आत कोरा कागद! ‘मी खुशाल आहे’ एवढे कळविण्यासाठी भाऊ ठराविक काळाने असे पत्र धाडी आणि ती ते न घेता परत करी. रोलंड हिल यांनी 1837 च्या आपल्या पुस्तिकेत ही कथा दिली. पुढे लोकांनी कोलरिजला बाजूस सारून खुद्द हिल यांनाच तिचा नायक केले, ही गंमत वेगळीच. आपल्याकडील ‘मिस्ड कॉल’ ही त्याच कोऱ्या कागदाची नात म्हणावी.

हिल यांचे म्हणणे कोणाही व्यापाऱ्यास पटण्याजोगे होते. पत्र वाहून नेण्याचा खरा खर्च अल्प असतो. मोठा खर्च होतो तो प्रत्येक पत्राचा आकार ठरविण्यात आणि दारोदार पैसे वसूल करण्यात. 1840 मध्ये अर्धा औंस वजनापर्यंत एक पेनी असा देशभर एकच दर झाला. पत्रांची संख्या एका वर्षात दुपटीहून अधिक झाली. मात्र जुने उत्पन्न भरून येण्यास दशकाहून अधिक काळ लागला, हेही हिशेबात धरले पाहिजे.

योगायोग असा की 1837 सालीच कंपनी सरकारने हिंदुस्थानात टपालाचा मक्ता कायद्याने आपल्या हाती घेतला. कलकत्ता ते मुंबई तोळ्यास एक रुपया हशील होते, म्हणजे मजुराची कित्येक दिवसांची कमाई. व्यापारी वर्गाने दोन वाटा काढल्या. एक म्हणजे आपल्याच हरकाऱ्यांकरवी चालणारी ‘महाजनी डाक’. कायद्याने मना करूनही ती लगेच बंद पडली नाही. दुसरी वाट अधिक हुशारीची होती. पाव तोळ्याच्या चिठ्ठीसही पूर्ण तोळ्याचे हशील पडत असल्याने पातळ कागदावरील अनेकांच्या चिठ्ठ्या एकाच वेष्टनात घालीत आणि पोहोचल्यावर वाटून देत. यास लबाडी म्हणावे की काटकसर? मी कापडाचा व्यापारी आहे. पाच वार कापड घेणाऱ्याकडून ताग्याची किंमत मागितली, तर चार गिऱ्हाइके मिळून तागा घेणारच.

1854 मध्ये हे वर्म सुधारले. पाव तोळ्यास अर्धा आणा, मग अंतर कितीही असो. 1879 मध्ये पाव आण्याचे, म्हणजे एका पैशाचे कार्ड आले. तरीही विनातिकीट पत्रे थांबली नाहीत. घेणाऱ्यास दुप्पट पडे, पण पैसे आधी दिले तर टपालवाला पत्र पोहोचवील कशावरून, अशी अनेकांस शंका होती. येणे बाकी असले की तो घर शोधत येईल, हा त्यांचा हिशेब.

माझ्या लहानपणी, 1970 च्या सुमारास, अशा पत्रास ‘नॉटपेड’ म्हणत. उधारीवाले मुदत मागणारी पत्रे तशीच धाडीत. म्हणून नॉटपेड घ्यावयाचे नाही, अशी वडिलांची मुनीमजींना सक्त ताकीद होती. एके दिवशी परत केलेले एक पाकीट माझ्या विधवा आत्याबाईंचे निघाले. तिकिटापुरतेही पैसे जवळ नसल्याने त्यांनी ते तसेच टाकले होते. आत मुलाच्या शाळेच्या फीसाठी पन्नास रुपयांची विनंती होती. हे आम्हांस सहा महिन्यांनी, एका लग्नघरी कळले. आत्याबाई रागावल्या नाहीत. “दादा, तुला नको असेल असे वाटले,” एवढेच त्या म्हणाल्या. तोवर मुलाची शाळा सुटली होती. पुढे तो आमच्याच दुकानात कापड मोजू लागला आणि शेवटपर्यंत तेथेच राहिला.

त्या लग्नाहून परतल्यावर वडिलांनी गल्ल्याशेजारी सुट्या नाण्यांचा एक पत्र्याचा डबा ठेवला. त्यातील पैसे पोस्टमनखेरीज कोणास द्यावयाचे नाहीत, असे त्यांनी मुनीमजींना सांगितले.