इंधन घटातील काळी पाटी

शिसपेन्सिलीत शिसे नसते. असते ते ग्रॅफाइट आणि चिकणमाती यांचे मिश्रण. माती वाढविली की पेन्सिल टणक होते पण फिकट उमटते. ग्रॅफाइट वाढविले की गडद उमटते पण टोक लवकर झिजते. निकोलस-जाक कोन्ते या फ्रेंच संशोधकाने १७९५ मध्ये बसविलेले हे गणित आज हायड्रोजनवर चालणाऱ्या वाहनांच्या अभ्यासकांसमोर निराळ्या रूपात उभे आहे. मातीची जागा तेथे रेझिनने घेतली आहे.

इंधन घट, म्हणजेच फ्युएल सेल, हायड्रोजन व हवेतील ऑक्सिजन यांच्या संयोगातून थेट वीज निर्माण करतो. मागे उरते पाणी आणि उष्णता. अमेरिकेच्या जेमिनी-५ या अंतराळयानाला १९६५ मध्ये बहुवारिकाचे पटल असलेल्या अशाच घटांनी वीज पुरविली होती. मात्र भार असताना एका घटातून जेमतेम ०.६ ते ०.७ व्होल्ट मिळतात. त्यामुळे शेकडो घट एकाला एक लावून संच तयार करावा लागतो. टोयोटाच्या २०१४ मधील पहिल्या ‘मिराई’ मोटारीत असे ३७० घट होते.

दोन घटांच्या मध्ये जी पाटी असते तिला द्विध्रुवी पाटी किंवा बायपोलर प्लेट म्हणतात. तिच्या एका अंगावरील बारीक पन्हळींतून हायड्रोजन वाहतो, दुसऱ्या अंगावरून हवा. हे दोन वायू ती एकमेकांत मिसळू देत नाही, वीज पुढच्या घटाकडे पोहोचविते, तयार झालेल्या पाण्याला वाट देते, उष्णता वाहून नेते आणि संच आवळून धरणारा दाबही सोसते. संचाच्या वजनाचा मोठा भाग या पाट्यांचाच असतो. उत्प्रेरकातील महागड्या प्लॅटिनमची चर्चा सर्वत्र होते. या पाटीकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

शुद्ध ग्रॅफाइट विजेचे उत्तम वाहक आहे आणि घटातील आम्लयुक्त ओलाव्यात ते गंजत नाही. पण ते ठिसूळ व सच्छिद्र असते, आणि त्याच्या प्रत्येक पाटीवर यंत्राने पन्हळी कोरत बसणे परवडत नाही. याउलट स्टेनलेस स्टीलचा मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका पातळ पत्रा ठोकून झटपट आकार देता येतो. मात्र संरक्षक लेप नसेल तर तो हळूहळू गंजतो आणि त्यातून सुटणारे लोहाचे आयन पटलात शिरून घटाचे आयुष्य कमी करतात. ‘मिराई’ने टिटॅनियम निवडले, ते स्वस्त नाही.

तिसरा मार्ग म्हणजे संमिश्र पदार्थ. वजनाने साधारण ७० ते ८५ टक्के ग्रॅफाइटची भुकटी, क्वचित थोडी काजळी किंवा कार्बनचे तंतू, आणि उरलेले रेझिन : फिनॉलिक, इपॉक्सी किंवा व्हिनिल एस्टर. हे मिश्रण तापलेल्या साच्यात दाबले की काही मिनिटांत पन्हळींसह पाटी तयार होते. कोरकाम जवळपास संपते.

खरी अडचण प्रमाणाची आहे. रेझिन विद्युतरोधक असते, त्यामुळे ग्रॅफाइटचे कण जेथे एकमेकांना टेकतात तेथूनच वीज जाते. कण विरळ असतील तर ही साखळी जुळतच नाही. अमेरिकी ऊर्जा खात्याने पाटीसाठी प्रति सेंटिमीटर १०० सीमेन्सहून अधिक वाहकतेचे उद्दिष्ट ठेवले. तांब्याची वाहकता याच्या सुमारे सहा हजार पट आहे, तरीही संमिश्राला हा आकडा गाठण्यासाठी ग्रॅफाइटची खच्चून भरणी लागते. ती केली की मिश्रण साच्यात नीट पसरत नाही, कोपरे अपुरे राहतात, पाटी ठिसूळ होते आणि वायू झिरपण्याची भीती वाढते.

शिवाय ग्रॅफाइटचे कण पत्र्यांसारखे चपटे असतात आणि दाबाखाली ते आडवे झोपतात. त्यामुळे पाटीच्या लांबीच्या दिशेने वीज सहज वाहते, जाडीतून मात्र बरीच कमी. घटाला गरज असते ती नेमकी जाडीतून वाहणाऱ्या विजेची! एखाद्या संमिश्राच्या वाहकतेचा आकडा वाचताना तो कोणत्या दिशेचा, हे आधी विचारलेले बरे. साच्यातून निघालेल्या पाटीवर रेझिनची पातळ सायही धरते. ती घासून काढली नाही तर पाटी जेथे शेजारच्या थराला टेकते तेथे विजेला अडथळा होतो. फिनॉलिक रेझिन पक्के होताना पाण्याची वाफ सोडते. तिला वाट मिळाली नाही तर आत पोकळ्या राहतात.

मोटारींमध्ये जागा थोडी, म्हणून तेथे पातळ धातूची सरशी झाली. संमिश्राच्या पाट्या त्या मानाने जाड असतात. बस, मालमोटारी आणि एका जागी बसविलेले वीजसंच यांत मात्र आटोपशीरपणापेक्षा टिकाऊपणाला महत्त्व असते आणि तेथे न गंजणारा कार्बन उपयोगी पडतो. पुण्यात ऑगस्ट २०२२ मध्ये केपीआयटी आणि सीएसआयआर यांनी विकसित केलेली हायड्रोजन बस सादर झाली. अशी वाहने मोठ्या संख्येने रस्त्यावर यायची असतील, तर एकेका बसमागे शेकडो पाट्या स्वस्तात आणि सारख्या गुणवत्तेच्या मिळाव्या लागतील.

आयुष्य संपलेल्या पाटीचे काय करायचे, हाही प्रश्न आहेच. फिनॉलिक किंवा इपॉक्सी एकदा पक्के झाले की पुन्हा वितळत नाही. पॉलिप्रॉपिलीनसारखे प्लास्टिक वापरले तर जुनी पाटी वितळवून पुन्हा दाबता येते. पण अशी पाटी साच्यातून काढण्यापूर्वी ती थंड होण्याची वाट पाहावी लागते आणि तेवढा वेळ साचा अडकून राहतो.