बोरिवली ते काळा घोडा

बोरिवलीच्या चित्रकाराला चित्र लावायचं तर वर्षानुवर्षं वाट एकच: प्लास्टिकात गुंडाळलेला कॅनव्हास, लोकलचा लगेज डबा, चर्चगेट आणि पुढे काळा घोडा परिसरातली कलादालनं. मीही तेच केलं. चारही कोपऱ्यांना पुठ्ठा बांधायचा, नाहीतर मासळीच्या पाट्यांना घासून रंग खरवडलाच म्हणून समजा.

या खटाटोपाला अर्थ होता तो संस्थांमुळे. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ची, आर्ट सोसायटी ऑफ इंडिया १९१८ची. वार्षिक प्रदर्शन, निवड समिती, पदकं. बाहेरून पाहिलं तर एवढंच. पण चित्रकार अमृता शेर-गिल यांना १९३७ साली आणि एस. एच. रझांना १९४८ साली सुवर्णपदक दिलं ते बॉम्बे आर्ट सोसायटीनेच. सिनेमाची होर्डिंगं रंगवून पोट भरणाऱ्या एम. एफ. हुसेन यांचं चित्र १९४७ साली तिच्याच प्रदर्शनात लागलं. पोटासाठी ब्रश चालवणाऱ्याला हक्काची भिंत मिळाली, हे मला पदकापेक्षा मोलाचं वाटतं.

आता बॉम्बे आर्ट सोसायटीची स्वतःची वास्तू वांद्रे रेक्लमेशनला आहे, म्हणजे उपनगरांच्या वेशीवर. भिंत जवळ आली, छान झालं. पण अंधेरी-मुलुंडच्या वन रूम किचनमध्ये सहा फुटी कॅनव्हास उभा कुठे करायचा? कलासंस्थांनी आता सभासदांसाठी परवडणाऱ्या भाड्याच्या सामायिक स्टुडिओचं मनावर घ्यावं.