कोहळ्यावरची पहिली चीर

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला नववा अध्याय अगदी छोटा आहे, पण सर्जरी शिकवणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असा. त्याचा विषय योग्या, म्हणजे हाताचा सराव. सगळं शास्त्र मुखोद्गत असलं तरी ज्याने हा सराव केला नाही तो शस्त्रकर्माला अपात्र, असं सुश्रुत बजावतो.

मग सराव कशावर करायचा तेही सांगतो. छेद घ्यायला शिकायचं ते कोहळा, दुधी, कलिंगड, काकडीवर. खरवडायला केस असलेलं कातडं. शीर वेधायची ती मेलेल्या जनावराची किंवा मग कमळाचा देठ. टाके जाड-पातळ कापडावर आणि मऊ कातड्यावर. पट्ट्या बांधायला माणसाएवढा पुतळा. आणि फोडायला शिकायचं ते पाणी किंवा चिखल भरलेल्या चामडी पिशवीवर. ही निवड मला थक्क करते. भरल्या पिशवीत टोक घुसलं की अडणारा हात एकदम मोकळा होतो. गळू फोडताना नेमकं हेच जाणवतं, आणि शस्त्र तिथेच थांबवावं लागतं. ते थांबणं पुस्तकातून येत नाही.

आधुनिक वैद्यकात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये हार्वे कुशिंग यांनी विद्यार्थ्यांना भूल दिलेल्या कुत्र्यांवर शस्त्रक्रिया शिकवली. तिथे खऱ्या ओटीची शिस्त होती: एक सर्जन, एक सहायक, एक भूल देणारा. तरी पुढे कित्येक वर्षं ‘एक बघा, एक करा, एक शिकवा’ हाच रिवाज जगभर चालला. त्यातलं ‘एक करा’ जिवंत माणसावर व्हायचं, आणि तो माणूस बहुतेक वेळा सरकारी वॉर्डातला गरीब पेशंट असायचा. हे मला कधीच पटलं नाही.

आपल्याकडे 2019 पासूनच्या नव्या एमबीबीएस अभ्यासक्रमाने प्रत्येक महाविद्यालयात स्किल्स लॅब सक्तीची केली. फोमच्या पॅडवर टाके घालायचे, ‘वॉश’ झाल्यावर हात कंबरेखाली जाऊ न देता गाऊन आणि ग्लोव्हज चढवायचे, हे आता तिथे शिकता येतं. होस्टेलवर खुर्चीच्या दांडीला दोरा बांधून गाठी मारणारी मुलंही सुश्रुताचंच ऐकत असतात. तुमच्या महाविद्यालयातल्या स्किल्स लॅबला कुलूप असेल, तर सर्जरीची पोस्टिंग सुरू होण्याआधी ते उघडून मागा.