हलगीचा नट-बोल्ट

मंडळी, या वीकांताचा विषय जरा कडकडाटाचा आहे.

न्हावऱ्यात किंवा एकूणच शिरूर-दौंडच्या पट्ट्यात लग्नसराईत वरातीपुढे वाजणारी हलगी कधी जवळून बघा. बऱ्याच वेळा धातूचं कडं, कडेने नट-बोल्ट आणि वर प्लास्टिकचं पान दिसेल. चामड्याचा पत्ताच नाही! हे पान आणि हे बोल्ट म्हणजे मुळात विलायती ड्रमसेटचे सुटे भाग. आख्खा ड्रमसेट ऑर्केस्ट्रात नाहीतर मोठ्या तमाशाच्या स्टेजवर बसून राहिला, पण त्याचे भाग मात्र गावोगाव पसरले आणि आपल्याच वाद्यांतून वेगळे आवाज काढायला लागले.

गंमत म्हणजे ड्रमसेट हाच मुळात जुगाड आहे. लष्करी बँडमधले दोन ढोल, तुर्की झांजा, चिनी टॉम-टॉम असं सगळं अमेरिकेत एकत्र जमवलं गेलं. आधी मोठा ढोल एक जण वाजवायचा आणि छोटा दुसरा. मग १९०९ साली शिकागोच्या विल्यम लुडविगने मोठ्या ढोलासाठी पायाने मारायचं चांगलं पेडल बनवलं आणि एकच माणूस सगळं वाजवायला मोकळा झाला. (एका माणसाची नोकरी गेली, हेही लक्षात ठेवा. पुढे हाच मुद्दा परत येणार आहे.)

पण एक बग तसाच होता: हवामान. कातडं दमट हवेत पाणी शोषतं, सैल पडतं आणि आवाज बसतो. ड्यू पॉन्ट कंपनीने माइलार नावाची पॉलिएस्टरची फिल्म बाजारात आणली होती. ती पाणी जवळजवळ शोषतच नाही. १९५६-५७ च्या सुमारास चिक इव्हान्स आणि रेमो बेली या दोन अमेरिकन ड्रमरांनी तिची पानं करून विकायला सुरुवात केली. बेलीने आपल्या पानाला नाव दिलं ‘वेदरकिंग’, म्हणजे हवामानाचा राजा!

आता सांगा, या राजाची गरज आपल्याइतकी कुणाला असेल? आपला गणपती येतो भाद्रपदात, ऐन पावसात. भिजलेला चामड्याचा ढोल म्हणजे ओलं पोतं. हलगीची तर वेगळीच तऱ्हा. वाजवण्याआधी जाळ करून ती शेकायची, निवली की परत शेकायची. उसाच्या मुलखात पाचटाची कमी नाही म्हणा, पण चालत्या वरातीत दर थोड्या वेळाने जाळ कुठे करत बसणार?

बोल्टचं कामही असंच. ड्रमच्या ताणाचं गणित सोपं आहे: ताण चौपट केला की स्वर दुप्पट चढतो. दोरी ओढून किंवा जाळावर शेकून हा ताण अंदाजानेच साधायचा. बोल्ट असला की पाना घ्या, फिरवा, झालं. ढोलकीने यातला फक्त बोल्ट उचलला. दोरीऐवजी नट-बोल्टच्या ढोलक्या आल्या, पण पान बहुतेक ठिकाणी चामड्याचंच राहिलं, कारण शाई चामड्यावर जशी बसते तशी प्लास्टिकवर बसत नाही. हलगीने आणि ताशाने पान आणि बोल्ट दोन्ही घेतले. पुण्याच्या ढोलाने पान घेतलं, दोरी ठेवली. आमच्या भाषेत सांगायचं तर ज्याला जे मॉड्यूल लागलं ते त्याने घेतलं.

यात आवाज बदलला. चामड्याची हलगी तापली की कडाडते, निवली की खाली उतरते, आणि त्या चढउतारालाही एक रंग असतो. प्लास्टिकची हलगी पहिल्या काठीपासून शेवटच्या काठीपर्यंत सारखीच टणटणते. ती मोठी वाजते, लांब जाते आणि डीजेपुढे तग धरते.

आणि माणसंही बदलली. कातडं कमावणारा, ते मढवणारा, हलगी शेकून देणारा, यांची कामं कमी झाली. पण इथे हळहळून थांबणं सोपं आहे. हलगी हे गावात जातीवर लादलेलं काम होतं. आंबेडकरी चळवळीत अनेक गावांतल्या लोकांनी मेलेली जनावरं ओढणं आणि सणासुदीला वाजवणं ही कामं ठरवून सोडली, आणि त्याबद्दल गावाचा रोषही सोसला. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीच्या आप्पा पेंडशांनी शाळेतल्या मुलांच्या हाती ढोल दिला, आणि आज डॉक्टर-इंजिनियर मुलं-मुली पथकात हौसेने वाजवतात. मला वाटतं, चामडं गेल्याने हे वाद्य हातात घेणं अनेकांना सोपं झालं असणार. वास गेला, शेकणं गेलं, ‘हे कुणाचं काम’ हा प्रश्नही मागे पडला. फक्त ज्यांच्याकडून हे ताल आले त्यांचं नाव पथकाच्या टी-शर्टवर कुठेच नसतं. ओपन सोर्समध्येसुद्धा मूळ लेखकाचं नाव काढून टाकायची परवानगी सहसा नसते हो!

आता पुढची पायरी. १९८५ साली रोलंड कंपनीने ऑक्टोपॅड आणला. आज बँजो पार्टीत रबराच्या आठ चौकोनांवर काठी मारली की ढोलकी वाजते, हलगीही वाजते. पान नको, बोल्ट नको. आधी वाद्याचं कातडं सुटलं होतं, आता आवाजच वाद्यापासून सुटा झाला.

तरी हलगी अजून आहे. पाना खिशात घालून, वरातीपुढे चालत वाजवणारे हात अजून आहेत. पुढच्या वेळी बोल्ट दिसला तर नाक मुरडू नका. हातांकडे बघा आणि जमलं तर नाव विचारा. तेवढं क्रेडिट तरी द्यायलाच हवं.