तुम्ही तेव्हा कुठे होतात?

प्रयोगशाळेत शिरताना मी ॲप्रनवर एक बॅज लावते. लांबून बघाल तर ओळखपत्रच वाटेल. आत कॅल्शियम सल्फेटच्या तीन छोट्या चकत्या असतात, त्यात डिस्प्रोसियम नावाचं मूलद्रव्य अगदी चिमूटभर मिसळलेलं असतं. दर तीन महिन्यांनी बॅज तपासायला जातो आणि मला किती किरणोत्सर्ग लागला त्याचा आकडा परत येतो. भारतात असं काम करणाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलीसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात जास्तीत जास्त ३० ही मर्यादा आहे. माझा आकडा शून्याला इतका चिकटलेला असतो की आईने विचारलं की मी "काही नाही गं" एवढंच सांगते.

पण हा २० चा आकडा आला कुठून? पीएचडीच्या पहिल्या वर्षी मला हा प्रश्न पडलाही नव्हता. पडला तो एका शाळेमुळे, आणि तोही माझी फजिती झाल्यावर.

६ ऑगस्टला आपल्याकडे बऱ्याच शाळांत हिरोशिमा दिन होतो. कागदाचे क्रौंच पक्षी, फळ्यावर रंगीत खडूने 'युद्ध नको, शांतता हवी', एखादं भाषण. ओळखीच्या एका बाईंनी मला त्यांच्या शाळेत आठवीच्या वर्गाशी बोलायला बोलावलं. मी जोरात तयारी केली. साखळी अभिक्रिया, युरेनियम २३५, मग तो ढगाचा फोटो. फोटो पडद्यावर आला आणि मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "भारी!" दोघांनी तोंडाने स्फोटाचा आवाज काढला. बाई ओरडल्या, मुलं गप्प झाली, आणि मी पुढची स्लाइड लावली. मृतांचा आकडा. १९४५ संपेपर्यंत हिरोशिमात सुमारे १ लाख ४० हजार. मुलांनी तो वहीत उतरवून घेतला, परीक्षेला येईल अशा बेताने.

मुलांना मी दोष देत नाही. तो फोटो विमानातून काढलेला आहे. ज्याने बघितलं तो वर होता आणि ज्यांच्यावर पडलं ते त्या ढगाच्या खाली. मी वर्गाला विमानात बसवलं होतं, मग त्यांना भारी वाटणारच.

घरी आल्यावर मी माझ्याच विषयाचा इतिहास वाचायला घेतला. (गाईडना सांगितलं नाही. प्रबंधाचं दुसरं प्रकरण तेव्हा रखडलेलं होतं.) जे सापडलं ते तुम्हाला सांगावंसं वाटतं, कारण शाळेत युद्धाचा इतिहास कसा शिकवायचा याचं मला पटलेलं उत्तर मला भौतिकशास्त्राच्याच दारात मिळालं.

तर, कमी मात्रेच्या किरणोत्सर्गाने माणसाला काय होतं याचा जगातला सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे हिरोशिमा आणि नागासाकीत वाचलेली माणसं. १९४७ मध्ये अमेरिकेने तिथे एक आयोग काम करायला बसवला. हिरोशिमात त्याची इमारत हिजियामा टेकडीवर होती. १९५० च्या जनगणनेतून वाचलेल्यांची नावं काढून सुमारे १ लाख २० हजार जणांचा गट ठरवला गेला. त्यात तुलनेसाठी स्फोटाच्या वेळी शहरात नसलेले लोकही धरले. १९७५ पासून जपान आणि अमेरिका मिळून एक संशोधन संस्था हे काम चालवतात. अभ्यास अजून चालू आहे. कोणाला कर्करोग झाला, कधी झाला, कशाने गेले. जगभरच्या किरणोत्सर्गाच्या मर्यादा ठरवताना सगळ्यात जास्त भिस्त याच आकड्यांवर असते. म्हणजे माझ्या बॅजमागे ती माणसं उभी आहेत.

आता खरी गंमत, खरं तर गंमत हा शब्द बरोबर नाही. कर्करोग किती जणांना झाला हे मोजता येतं. पण प्रत्येकाला किरणोत्सर्ग किती लागला हे कसं कळणार? १९४५ मध्ये कोणी बॅज लावून फिरत नव्हतं.

एक साक्षीदार मात्र होता. कौलं. मातीत गारगोटीचे, म्हणजे क्वार्ट्झचे कण असतात. किरणोत्सर्गाची ऊर्जा अशा स्फटिकात अडकून राहते. तापवलं की प्रकाश होऊन बाहेर पडते, आणि जितकी ऊर्जा तितका प्रकाश. भट्टीत भाजताना कौलाची पाटी कोरी होते. नंतर वर्षानुवर्षं निसर्गातला किरणोत्सर्ग थोडा थोडा साठत जातो आणि त्या एका सकाळी एकदम मोठी भर पडते. जपानी शास्त्रज्ञांनी छपरांवरची कौलं आणि विटा गोळा करून, तापवून, नैसर्गिक वाटा वजा करून गॅमा किरणांची मात्रा काढली. माझा बॅज नेमका याच तत्त्वावर चालतो. हे वाचलं त्या रात्री मी बॅज ड्रॉवरमधून काढून उगीचच बघत बसले होते.

पण कौल सांगतं कौलापुरतं. माणूस घरात होता की अंगणात? खिडकीशी की आतल्या खोलीत? तोंड कुठे? मध्ये भिंत किती? लाकडी जपानी घर गॅमा किरण किती अडवतं हे शोधायला अमेरिकनांनी १९६२ मध्ये नेवाडाच्या वाळवंटात ४६५ मीटर उंच मनोरा उभारला, त्यावर उघडी अणुभट्टी टांगली आणि खाली जपानी पद्धतीची घरं बांधली. नंतरच्या गणितात उत्तर निम्म्याच्या आसपास आलं: बाहेर उभ्या असलेल्याला जितकं लागलं त्याच्या साधारण अर्धं आतल्याला. म्हणजे दार ओलांडलं होतं की नाही, यावर आकडा निम्मा होतो.

हे सांगू शकणारं एकच यंत्र होतं, ते म्हणजे खुद्द तो माणूस. म्हणून आयोगाची माणसं हजारो घरी गेली आणि विचारत बसली: तुम्ही तेव्हा कुठे होतात? उभे की बसलेले? तोंड कोणत्या दिशेला? घराचा नकाशा काढला जाई, त्यात त्या माणसाची जागा दाखवली जाई. विसाव्या शतकातलं इतकं मोठं वैज्ञानिक गणित, आणि त्याच्या मुळाशी 'मी मोरीपाशी होते, पाठ खिडकीकडे होती' असं कुणीतरी आठवून सांगितलेलं वाक्य.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, व्वा, विज्ञानाने माणसाचं ऐकून घेतलं. थांबा. त्याच आयोगाबद्दल वाचलेल्यांची मोठी तक्रार अशी की हे लोक तपासतात, पण उपचार करत नाहीत. आणि तसं धोरणच होतं. शाळकरी मुलांना गाडीतून नेऊन, कपडे उतरवून तपासलं जाई. त्यातल्या अनेकांनी मोठेपणी तो अपमान बोलून दाखवला. उत्तर घेऊन विचारणारा निघून जाई. त्याच उत्तरावर आज मी सुरक्षित आहे, हे मला अजून नीट गिळता आलेलं नाही.

आता शिकवण्याकडे येते.

हिरोशिमातही हा प्रश्न सुटलेला नाही. तिथल्या संग्रहालयात भाजलेल्या, कातडी लोंबणाऱ्या माणसांचे पुतळे होते. मुलं घाबरून रडायची आणि जन्मभर विसरायची नाहीत. २०१७ मध्ये ते हटवले, त्याऐवजी खऱ्या वस्तूंवर भर दिला. त्यावर बराच वाद झाला. पुतळे हटवणं म्हणजे गुळमुळीत करणं, असं अनेकांचं मत. 'बेअरफूट गेन' या गाजलेल्या चित्रकथेचंही तेच: लेखक केइजी नाकाझावा स्वतः सहा वर्षांचा असताना त्यातून वाचलेला, पण २०२३ मध्ये शहराच्या शिक्षण मंडळाने ती शांतता शिक्षणाच्या पुस्तकातून काढली. दुसरा आक्षेप उलट बाजूचा. फक्त आपलं दुःख शिकवायचं आणि जपानी फौजांनी आशियात काय केलं ते गाळायचं? १९९४ मध्ये संग्रहालयात जो नवा भाग झाला त्यात हिरोशिमा लष्करी शहर होतं हेही मांडलं गेलं. मारल्या गेलेल्या कोरियन लोकांचं स्मारक मात्र १९७० पासून उद्यानाच्या बाहेरच होतं, ते आत यायला १९९९ उजाडलं.

माझं मत विचाराल तर पुतळ्यांपेक्षा डबा जास्त बोलतो. त्या सकाळी बारा-तेरा वर्षांची सुमारे आठ हजार मुलं शहरात घरं पाडायच्या कामावर होती. हवाई हल्ल्यात आग पसरू नये म्हणून मोकळे पट्टे करायचे होते आणि मोठी माणसं युद्धात. त्यातली सुमारे सहा हजार गेली. एका मुलाचा जेवणाचा डबा संग्रहालयात आहे, आतलं अन्न जळून कोळसा झालेलं. आईने त्याला शोधलं तेव्हा डबा त्याच्याजवळच होता. आठवीतल्या मुलाला यावर भाषण द्यावं लागत नाही. डबा त्याच्याही दप्तरात असतो.

पण सगळ्यात मला जे भावलं ते मोतोमाची हायस्कूलचं काम. तिथे कलेचा अभ्यासक्रम घेणारी मुलं २००७ पासून वाचलेल्यांच्या आठवणींची तैलचित्रं काढतात. एक मुलगा किंवा मुलगी आणि एक वृद्ध, अशी जोडी. आजी-आजोबा सांगतात, मूल कच्चं रेखाटन करून परत जातं, ते म्हणतात असं नव्हतं. मूल पुन्हा काढतं, पुन्हा जातं. अनेक महिने चालतं हे. एका चित्रासाठी किती बारीकसारीक विचारावं लागत असेल बघा. हात कसा होता? पाण्याचा रंग? तुम्ही किती लांब होतात? म्हणजे आयोगाचाच प्रश्न. फरक एवढाच की इथे विचारणारा परत येतो आणि आपलं चुकलं असेल तर खोडतो.

शहर २०१२ पासून दुसऱ्याची आठवण सांगणारेही तयार करतं. वाचलेल्या माणसाकडून त्याची हकीकत शिकून, त्याच्या वतीने लोकांना सांगायची. त्यासाठी काही वर्षांचं प्रशिक्षण. घाई का, ते आकड्यावरून कळेल. मार्च २०२५ अखेर दोन्ही शहरांतले सरकारी नोंदीतले वाचलेले ९९ हजार १३० उरले, पहिल्यांदाच एक लाखाच्या खाली. सरासरी वय ८६. त्यांच्या संघटनेला, निहोन हिदानक्योला, २०२४ चं शांततेचं नोबेल मिळालं.

जाता जाता एक. मराठा लाइट इन्फन्ट्रीची एक पलटण १९४६ मध्ये ताबा फौजेबरोबर जपानात होती. हे मला या वाचनातच कळलं. आपल्याकडच्या किती घरांत 'आजोबा जपानला होते' एवढंच एक वाक्य शिल्लक असेल, आणि पुढचा प्रश्न कुणी विचारलाच नसेल.

पुढच्या ऑगस्टला मी त्याच शाळेत पुन्हा गेले. ढग नाही, स्लाइड नाही. पिशवीत एक जुनं मंगलोरी कौल आणि माझा जुना, रिकामा बॅज. शाळा दुपारची होती म्हणून सरळ विचारलं, "आज सकाळी सव्वाआठला तुम्ही कुठे होतात? घराचा नकाशा काढा आणि स्वतःची जागा दाखवा. तोंड कुठे होतं तेही."

आधी हसाहशी. मग एकदम शांत, कारण आठवायला वेळ लागतो. कोणी पोटमाळ्यावर झोपलेलं, कोणी दूध आणायला गेलेलं, एक मुलगी आरशासमोर वेणी घालत होती आणि तिला ठरवता येईना की तोंड आरशाकडे म्हणजे उत्तरेला की दक्षिणेला. नकाशे झाल्यावर मी कौल दाखवलं आणि हिरोशिमातल्या लोकांना हेच प्रश्न का विचारले गेले ते सांगितलं. आपल्या गावावर बॉम्ब पडला तर, असं मी मुद्दाम म्हटलं नाही. मुलांना घाबरवायचं नव्हतं. तरी त्यांनी आपापल्या कागदांकडे बघितलंच. आरशावाली म्हणाली, "म्हणजे मी आतल्या खोलीत होते ते बरं." तिच्या शेजारणीने आपला कागद उलटा करून ठेवला. ती अंगणात होती.

बाईंनी नंतर विचारलं, "यात इतिहास किती आणि विज्ञान किती?" मला सांगता आलं नाही.

मागच्या बाकावरच्या एका मुलाने कागदावर फक्त एक चौकोन काढला होता. म्हणाला, "ताई, आमची एकच खोली आहे. पत्र्याची. भिंत कुठली धरू?"

मी खरं ते सांगितलं, की पत्रा गॅमा किरण जवळजवळ अडवत नाही. तो "हं" म्हणाला आणि चौकोनात खुणा करत राहिला. आई चुलीपाशी. धाकटी बहीण तिच्या मागे. स्वतः दारात, बूट घालताना. मग पेन्सिल थांबली.

"आजोबा आत होते का नळावर गेले होते, आठवत नाही," तो म्हणाला. "घरी विचारून उद्या बाईंकडे देतो."